मामाची फळी आणि घरी येणाऱ्या खेळाच्या मॅडम: आठ महिन्यांचा अनुभव

मी सुतार आहे. स्टूल डुगडुगलं तर कुठला पाय तोकडा ते मला बसल्या बसल्या कळतं. पण कुणी नुसतं पडून राहून काम करतं म्हटलं की माझा विश्वास बसत नाही. म्हणून भाचीसाठी घरी येणाऱ्या या खेळसेवेबद्दल पहिले तीन आठवडे मी अक्कापाशी सारखा कुरकुरत होतो. मॅडम यायच्या, भाचीशेजारी जमिनीवर आडव्या व्हायच्या आणि तासभर, माझ्या हिशेबानं, काहीच करायच्या नाहीत. "अक्का, एवढ्या वेळात मी दोन ड्रॉवर बसवून दिले असते," असंही बोलून झालं. अक्का गप्प राहिली. तेव्हा तिच्यात भांडायचंही त्राण नसायचं.

आता आठ महिने झालेत. ज्यांच्या घरी कान आणि डोळे दोन्हीकडून अडचण असलेलं लहान मूल आहे, त्यांनी अशी सेवा घ्यावी का आणि घेताना काय बघावं, एवढ्यासाठी हे लिहितोय. सेवेचं नाव देत नाही. तक्रारी आहेत, आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगितल्या आहेत.

आधी पोरीबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती साडेतीन वर्षांची आहे आणि तिला चार्ज सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासून डोळे, कान आणि इतर बऱ्याच अवयवांना बाधणारा विकार. दर १०,००० ते १५,००० जन्मांमागे एखाद्या बाळाला तो असतो, आणि बहुतेकांमध्ये त्याचं मूळ सीएचडी७ नावाच्या जनुकात असतं, हे २००४ मध्ये सापडलं. दवाखान्याच्या कागदावर यादी लांबलचक आहे, पण खेळाशी संबंध येतो तो तीन गोष्टींचा. एक, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा खालचा भाग नीट झालेला नाही. त्याला कोलोबोमा म्हणतात. पडद्याचा खालचा भाग नसला की नजरेतला वरचा भाग जातो, म्हणून ती हनुवटी वर करून बघते आणि पाहुण्यांना वाटतं पोरगी छताकडे टक लावून बसलीय. दोन, ऐकू फारच कमी येतं. यंत्रं आहेत, पण या मुलांचे कान मऊ असतात, यंत्र घसरतं आणि शिट्टी मारत बसतं. अक्कानं डोक्याला बांधायची कापडी पट्टी शिवली तेव्हा कुठे ती जागेवर राहायला लागली. तिसरी गोष्ट आम्हाला कुणी धड समजावलीच नव्हती. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या या मुलांमध्ये बहुधा नसतात किंवा अर्ध्यामुर्ध्या असतात.

ही तिसरी गोष्ट आमच्या डोक्यात असती तर दोन वर्षं वाचली असती. आम्ही तिला उशा लावून बसवायचो आणि पुढ्यात खेळणी मांडायचो. ती खेळायची नाही. आम्ही म्हणायचो, हिला आवडत नाही. मॅडमनी पहिल्या दिवशी उशा काढल्या आणि तिला पाठीवर निजवलं. "मामा, बसवलं की तिची सगळी ताकद न पडण्यात जाते. जमिनीनं तिला धरलं की हात मोकळे होतात," त्या म्हणाल्या. हात मोकळे झाले ते खरंच, पण त्याआधी पाय मोकळे झाले. ही पोर पायानं बघते. नवी वस्तू आली की आधी टाच लागते, मग अंगठा, आणि पटली तरच हात पुढे येतो. मी तिचे पाय आवरून धरायचो, आता नाही.

अजून एक सांगून टाकतो. डेफब्लाइंड, म्हणजे कान आणि डोळे दोन्हीकडून अडचण असलेला, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर मिट्ट काळोख आणि पूर्ण शांतता येते. बहुतेक मुलांना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं, फक्त एकातली उणीव दुसऱ्यानं भरून निघेल एवढं नसतं. आणि प्रत्येक जण हेलन केलरचं नाव काढतो. त्यांचा आदर आहेच. पण त्यांची नजर आणि कान गेले तेव्हा त्या १९ महिन्यांच्या होत्या. जग थोडं पाहून, बोली थोडी ऐकून झाली होती. जन्मापासूनच असं असलेल्या पोरीच्या आईला ते उदाहरण दिलं की तिला धीर येत नाही, परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं.

सेवेत चार गोष्टी मिळतात. आठवड्यातून एकदा घरी तासभर मॅडम, महिन्याला बदलून मिळणारी खेळाची पेटी, वापरायला एक मोठी फळी आणि 'छोटी खोली', आणि महिन्यातून एकदा त्यांच्या केंद्रावर इतर कुटुंबांबरोबर एक सकाळ. या चौघींना सारखे गुण देणार नाही.

सगळ्यात मोलाच्या मॅडम. त्यांच्या मनगटावर जाड विणलेला पट्टा असतो, तीन गाठींचा. आल्यावर त्या आधी पोरीच्या खांद्यावर हात ठेवतात, दरवेळी डाव्याच, आणि थांबतात. मग मनगट तिच्या हाताच्या जवळ नेतात, पण हातात देत नाहीत. तिला हवं तेव्हा ती चाचपते. गाठी मोजून झाल्या की तिला कळतं, कोण आलंय. आपण दारातून 'काय गं' म्हणत आत येतो, तेव्हा तिच्या बाजूनं काय होत असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता. आवाज नाही, सावली नाही, एकदम दोन हात येतात आणि उचलतात. दवाखान्यात तिला जे हात लागले त्यातले अर्धे सुया टोचणारे होते.

तर ते 'काहीच न करणं'. तिसऱ्या आठवड्यात मी चिडून शेजारी बसलो आणि मनात आकडे मोजायला लागलो. मॅडम एक लाकडी कडं तिच्या तळहाताच्या कडेला टेकवून पडल्या होत्या. दहा, वीस. पोरीनं हात आखडून घेतला. मी म्हटलं, झालं. मॅडमनी कडं हलवलं नाही. तीस. पस्तीस. मला स्वतःला ते हातात कोंबावंसं वाटत होतं. त्रेचाळीसला तिची करंगळी आली. मग बाकीची बोटं, मग कडं तोंडात, मग जमिनीवर आपटणं. मॅडमकडे दुसरं तसलंच कडं होतं, ते त्यांनी एकदाच आपटलं, तिच्या कोपराजवळ. पोर थांबली. मान वळली. आणि तिनं पुन्हा आपटलं.

त्रेचाळीस आकडे मोजायला किती लांब असतात ते करून बघा. आम्ही घरात सगळे तिसऱ्या आकड्याला हार मानून दुसरं खेळणं काढत होतो, म्हणजे तिचं उत्तर तयार होईपर्यंत प्रश्न बदललेला असायचा.

दुसरं शिकलो ते हाताचं. कारखान्यात नवा पोरगा आला की रंधा शिकवताना मी त्याच्या हातांवर माझे हात दाबून ढकलतो, मलाही तसंच शिकवलं गेलं. भाचीला मी तसाच शिकवायला गेलो आणि तिनं दोन्ही मुठी बगलेत दडवल्या. मॅडमचा हात कायम खाली असतो. त्यांचा हात वस्तूवर, तिचा हात त्यांच्या हातावर. तिला नको झालं की ती काढून घेऊ शकते, आणि हवं असलं की त्यांच्या बोटांच्या फटीतून वस्तूपर्यंत पोचू शकते. त्या म्हणाल्या, हात हेच तिचे डोळे आहेत आणि बोलणंही हातांनीच होणार आहे. तुमची मान धरून कुणी फिरवली तर कसं वाटेल? एवढं बास झालं मला. याच त्या मॅडमनी सांगितलं की ही पद्धत कुणा एकाच्या मनातून निघालेली नाही. गरोदरपणातल्या रुबेलानं, म्हणजे जर्मन गोवरानं, बाळाच्या डोळ्यांना इजा होते हे ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या डॉक्टरांनी १९४१ मध्ये दाखवलं. पुढे १९६४-६५ च्या अमेरिकेतल्या साथीनंतर तिथे सुमारे २०,००० बाळं त्या परिणामांसह जन्मली, आणि अशा मुलांशी बोलायचं कसं हा प्रश्न एकदम मोठा झाला. नेदरलँड्समध्ये यान फान डाइक यांनी मुलाच्याच हालचालीत आपली हालचाल मिसळून संवाद सुरू करायची रीत घडवली. मूल डुलतंय तर त्याच्याबरोबर डुला, थांबा, बघा ते 'अजून' म्हणतं का. मॅडम अजून तेच करतात.

आता फळी. हा माझा प्रांत, त्यामुळे थोडं लांबेल.

रेझोनन्स बोर्ड म्हणतात तिला. डेन्मार्कच्या लिली नील्सन यांची कल्पना. त्या १९२६ ते २०१३ हयात होत्या, त्यांची काही भावंडंच अंध होती आणि आयुष्यभर त्यांनी अंध व बहुविकलांग मुलांबरोबर काम केलं. फळी म्हणजे पातळ प्लायवूडचा मोठा चौकोन, खालून कडेनं पट्टी, म्हणजे फळी जमिनीपासून बोटभर उचललेली राहते. मूल वर निजतं. बोट हललं तरी फळी थरथरते आणि ती थरथर पाठीला, डोक्याला, टाचेला परत मिळते. ज्याला ऐकू येत नाही त्याला आपण केलेला आवाज अंगानं कळतो.

सेवेनं आम्हाला जी फळी पाठवली ती बघून मला हसू आलं. १२ मिलिमीटरचं प्लाय, वर रेक्झिन, खाली रबराचे तुकडे. दणकट होती यात शंका नाही. पण मी वर टकटक केलं तर दार आडवं टाकल्यासारखा आवाज. पोर तिच्यावर अर्धा तास निजली आणि झोपून गेली. मॅडम संकोचून म्हणाल्या, जुन्या पातळ फळ्या फुटल्या म्हणून केंद्रानं जाड करून घेतल्या. फुटल्या कारण मोठी माणसं वर बसली असणार. म्हणून फळीचा जीवच काढून टाकायचा?

मी म्हटलं, मी करतो. मॅडमनी मापं दिली: दीड मीटर बाय दीड मीटर, ४ मिलिमीटर बर्च प्लाय, खाली दोन सेंटिमीटरची पट्टी. आमच्या धंद्यातलं नेहमीचं शीट ८ फूट बाय ४ फुटांचं, म्हणजे रुंदी १२२ सेंटिमीटर, दीड मीटर निघतच नाही. बाल्टिक बर्चची शीटं मात्र ५ फूट बाय ५ फुटांची येतात, मूळ मापाचं कारण तेच असावं असा माझा अंदाज. मला ते मिळालं नाही, मी १२२ चा चौकोन काढला. एवढ्याशा पोरीला तो भरपूर होतो.

आणि मी चूक केली. चार मिलिमीटरचं प्लाय एवढ्या रुंदीत मधे लवणार, हे कुठलाही सुतार डोळे मिटून सांगेल. म्हणून मी खालून बरोबर मधोमध एक आडवी पट्टी डिंकानं चिकटवून, वर खिळे मारून ठोकली. सवय. फळी अशी ताठ झाली की मीच खूश. पोरीला निजवलं. तिनं टाच आपटली, एकदा, दोनदा, आणि पाय जमिनीवर घसरवून फळीच्या बाहेर काढला. मॅडमनी फळीला कान लावला आणि म्हणाल्या, "मामा, हिला बोलू द्या." तीस वर्षं मी लाकडाचा आवाज मारतो आहे. टेबल वाजू नये, कपाट कुरकुरू नये, पलंग दणदणू नये, याचेच मला लोक पैसे देतात. इथे उलटं हवं होतं.

पट्टी पटाशीनं उपसून काढली. डिंकाचे डाग कानसून काढले. फक्त कडेची पट्टी ठेवली, तीही चिकटवलेली, एक खिळा नाही. कडा आणि कोपरे इतके घासले की तोंडात धरले तरी चालतील, कारण ती धरतेच. पॉलिश पाण्याचं, पातळ, एकच हात, आणि महिनाभर वारा दिला.

दुसऱ्या वेळी निजवलं तेव्हा तिनं टाच मारली आणि थांबली. सगळं अंग थांबलं. मग पुन्हा मारली. मग दोन्ही टाचा. मग डोकं एका बाजूला करून गाल फळीला चिकटवला आणि बोटाच्या नखानं खाजवलं. नखाचा आवाज मलाही जेमतेम येत होता, तिच्या गालाला मात्र येत असणार, कारण ती हसली. आवाज न करता हसते ती, पोट हलतं फक्त. अक्का दारात उभी होती, ओले हात तसेच.

फळीवर मोठ्यांनी बसायचं नाही. कडेला जमिनीवर बसायचं आणि हात तेवढा फळीवर ठेवायचा. आता ती दोन टाचा मारते आणि वाट बघते. मी कडेवर बोटांनी दोन मारतो. कधी मी मुद्दाम तीन मारतो, तेव्हा तिच्या कपाळावर आठी येते. आठीचा अर्थ 'चुकलास मामा' असा आहे यावर माझं आणि दाजींचं एकमत आहे.

छोटी खोली हीही नील्सन यांचीच. फळीवर ठेवायचा एक सांगाडा, तीन बाजूंना भिंती, वर भोकांची पारदर्शक शीट, आणि त्या भोकांतून इलॅस्टिकवर टांगलेल्या वस्तू: चाव्यांचा जुडगा, धातूचे चमचे, दात घासायचा ब्रश, मण्यांची माळ, बाटली धुवायचा ब्रश, लाकडी कडी. गंमत अशी की यातली वस्तू सोडली तर हरवत नाही. जमिनीवरचं खेळणं हातातून सुटलं की आमच्या भाचीपुरतं ते जगातून गेलं. इथे चावी सोडली तर इलॅस्टिक तिला जागेवर नेतं, आणि दुसऱ्या दिवशी ती तिथेच असते. तीन आठवड्यांत पोर चमच्याकडे सरळ हात न्यायला लागली. आत असताना आपण बोलायचं नाही, हात घालायचा नाही, शाबासकीसुद्धा नंतर. हे दाजींना फार जड गेलं. मलाही.

आमच्यासाठी एक बदल करावा लागला. वरचं तिला दिसत नाही, म्हणून चमकणाऱ्या वस्तू वरून काढून पायाकडच्या भिंतीवर, खाली लावल्या. सेवेच्या माहितीपत्रकात सगळ्यांना एकच चित्र दिलंय, वर चमचमाट. मुलाच्या डोळ्याचा कागद बघून मांडणी करा, चित्र बघून नको. आणि मूल आत असताना खोलीतून हलू नका. टांगलेलं इलॅस्टिक गळ्याभोवती जाऊ शकतं. मी सगळी लांबी मोजून आखूड केली, तोंडापर्यंत पोचेल इतकीच ठेवली.

पेटीबद्दल थोडक्यात आणि रागानं. कल्पना चांगली, निगा वाईट. पहिल्या पेटीतल्या थरथरणाऱ्या खेळण्याच्या मागच्या झाकणाचा स्क्रूच नव्हता, आत बटण बॅटरी. ही बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांत जळू शकते. मी स्क्रू मारला, पण सगळ्यांच्या घरी सुतार मामा नसतो. दुसऱ्या पेटीत पाण्यात फुगणाऱ्या मण्यांचं पाकीट होतं. दिसायला छान, हाताला मऊ, पण कोरडा मणी गिळला तर पोटात फुगून आतडं अडवतो. ज्या मुलाचं तोंड हाच तिसरा हात आहे त्याच्या पेटीत हे कशाला? परत केलं, लेखी दिलं, आता येत नाही. सुगंधी तेलाच्या बाटल्याही होत्या, प्रत्येक माणसाचा वेगळा वास म्हणून ओळख पटावी यासाठी. चार्ज असलेल्या बऱ्याच मुलांना वासच येत नाही किंवा कमी येतो. आमच्या बाटल्या अक्कानं उघडल्यासुद्धा नाहीत.

पेटीतल्या दोन गोष्टी मात्र आम्ही परत द्यायला कचरलो. थंडीत पांघरायची ती सोनेरी-चंदेरी कागदासारखी चादर, जी हलली की कुरकुरते आणि उजेड फेकते. तिच्यावर पोरीनं पाय घासण्यात दीड तास घालवला. आणि साधा मोठा रंगाचा ब्रश, कोरडा, मऊ केसांचा. तोही मी कारखान्यातून आणू शकलो असतो हे नंतर लक्षात आलं.

सगळ्यात मोठी तक्रार एका दिवसाची. नेहमीच्या मॅडम रजेवर होत्या, बदली बाई आल्या. चांगल्या होत्या, गोड बोलत होत्या, पण कुणाशी? मनगटावर पट्टा नाही, खांद्यावर हात नाही, थेट पोरीची दोन्ही मनगटं धरून त्यांनी हात साबणाच्या फेसाच्या तसराळ्यात बुडवले. त्यांच्या मते हा संवेदनांचा खेळ. पोरीनं अंग ताठ केलं, मग पूर्ण ढिली पडली. बाई म्हणाल्या, बघा, शांत झाली. ती शांत झालेली नव्हती, ती निघून गेली होती. पुढचे अकरा दिवस मुठी मिटलेल्या. मॅडम परत आल्यावर मनगटावरच्या गाठींनासुद्धा तिनं हात लावला नाही. मॅडम दोन तास नुसत्या शेजारी पडून राहिल्या, एक तासाची नोंद करून. सेवेनं माफी मागितली आणि आता बदली माणूस आधी एकदा नेहमीच्या मॅडमबरोबर येतो. तुम्ही सेवा घेताना हे आधीच विचारून घ्या: रजा पडली तर कोण येणार, आणि तिची ओळख मुलाला कशी होणार.

केंद्रावरची दिव्यांची खोली फोटोत सुंदर येते. रंगीत दिवे, बुडबुड्यांचा उंच खांब, चेंडूंचं कुंड, सगळं एकदम चालू. भाचीनं डोळे मिटून घेतले. दिवे बंद करून एकच ठेवला तेव्हा उघडले. तिथल्या सगळ्या चमचमाटातून तिनं बुडबुड्यांचा खांब निवडला, तोही रंगासाठी नाही, गाल टेकून त्याची घरघर अनुभवायला. आणखी एका मुलाच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं बसवलेलं ऐकायचं यंत्र होतं, त्याचा एक भाग बाहेर असतो. प्लास्टिकच्या चेंडूंत आणि घसरगुंडीवर स्थिर वीज साठते आणि बाहेरच्या यंत्राला त्रास देऊ शकते, म्हणून त्याची आई आधी यंत्र काढून घेत होती. हे भिंतीवर लिहिलेलं असायला हवं होतं. नव्हतं. फिट येणाऱ्या मुलांसाठी लुकलुकते दिवे बंद ठेवा, असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. पण त्या सकाळीला आम्ही जातो ते खोलीसाठी नाही. अक्का तिथे दुसऱ्या आयांशी बोलते, अन्न भरवायच्या नळ्यांबद्दल, झोपेबद्दल, नातेवाइकांबद्दल, आणि परतताना गाडीत झोपते. पहिल्यांदा झोपली तेव्हा दाजींनी घरापुढे गाडी उभी करून अर्धा तास तशीच ठेवली.

दाजींचं सांगायला हवं. हा माणूस पोरीवर जीव टाकतो आणि तिला घाबरतो. आपल्याला काही जमत नाही, आपण केलं की ती प्रतिसाद देत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलेलं. मॅडमनी एकदा त्या दोघांचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि पुढच्या वेळी फक्त चाळीस सेकंदांचा तुकडा दाखवला. दाजी तिच्या पोटावर तोंड ठेवून गुणगुणतात, थांबतात, निराश होऊन वर बघतात. आणि ते वर बघत असताना, त्यांच्या पाठीमागे, पोरीच्या डाव्या पायाचा अंगठा वळतो आणि सुटतो, वळतो आणि सुटतो. 'अजून.' मॅडम काहीच बोलल्या नाहीत, तुकडा पुन्हा लावला. दाजींनी तो सहा वेळा पाहिला. त्यानंतर ते पायाकडे तोंड करून बसायला शिकले.

भाचा सात वर्षांचा, त्याला कुणी शिकवावंच लागलं नाही. तो आधीपासून जमिनीवरच असतो.

माझी ओळख म्हणून मॅडमनी काहीतरी कायमचं मागितलं. माझ्या कानावर चपटी सुतारी पेन्सिल असते, ती पोरगी ओढायची. शिसं तोंडात जायला नको म्हणून मी तशाच आकाराची सागाची चपटी काडी केली, आखूड, घासून गुळगुळीत, एका कडेला तीन खाचा, आणि कानाला अडकेल अशी. जाताना ती तिच्या टोपलीत ठेवून जातो, आंघोळीच्या टॉवेलचा तुकडा आणि फिरायला जायच्या पट्ट्याचं बक्कल यांच्या शेजारी. मागच्या आठवड्यात अक्काचा फोन आला. पोरीनं टोपलीतून काडी काढून अक्काच्या कानावर ठेवली होती, आणि ती तिथे टिकेना म्हणून रडत होती. मी काम टाकून गेलो.

तर सेवा घ्या, मॅडम कोण आहेत ते बघून घ्या. पेटी उघडल्या उघडल्या प्रत्येक झाकण तपासा, दिव्यांच्या खोलीसाठी धावपळ करू नका, छोटी खोली दोन महिने तरी एकाच जागी, त्याच वस्तूंसह ठेवा. फळी घरीच करा. कुणा सुताराला हे माप द्या: १२२ बाय १२२, ४ मिलिमीटर, कडेनं दोन सेंटिमीटरची पट्टी, नुसती चिकटवलेली. तो मधे आडवी पट्टी मारायला निघेल. हात धरा त्याचा.